पाकिटावरचा पेरू आणि झाडावरचा पेरू

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही कळेल. तुम्ही नोकरीसाठी नुकतेच लिस्बनला गेलात. घर शाकाहारी. दुकानातल्या थंड कपाटात फिकट गुलाबी कापांचं पाकीट दिसलं, त्यावर ठळक अक्षरांत 'पेरू' हा शब्द वाचता आला, आणि रंगही पेरूच्या गराचा. घरी आणून उघडलं तर वास वेगळाच. शेजारणीने सांगितलं की हे टर्की पक्ष्याच्या छातीचं मांस आहे. फोनवर आईला सांगितलं तर आई म्हणाली, "अगं, पेरू देशातून आलं म्हणून त्या फळाला पेरू म्हणतात, आम्हाला शाळेतच सांगितलं होतं." नागपूरच्या सासऱ्यांनी वेगळाच फाटा काढला, "आमच्याकडे तर त्याला जाम म्हणतात." आता तुम्ही विचारताय की या शब्दाचं खरं मूळ काय आणि एकाच शब्दाला इतके अर्थ कसे.

आधी धीर देतो. ही चूक मी तुमच्या उलट दिशेने केलेली आहे, आणि तीही पैसे घेऊन. पंचवीसेक वर्षं भाषांतर आणि कोशाचं काम करतोय. सुरुवातीच्या काळात गोव्यातल्या एका हॉटेलचं नाताळचं खाद्यपत्रक मराठीत करायचं काम आलं होतं. पदार्थांची नावं पोर्तुगीज, खाली इंग्रजी वर्णन काही ठिकाणी होतं, काही ठिकाणी नव्हतं. एका ओळीत 'पेरू रेशेआदू' होतं. रेशेआदू म्हणजे सारण भरलेला, एवढं मला माहीत होतं. आपल्याकडचा रेशादो मसाला त्यातलाच. मी बिनदिक्कत लिहिलं, 'मसाला भरलेला पेरू'. दोन दिवसांनी स्वयंपाकघराच्या प्रमुखाचा फोन आला. अत्यंत शांतपणे त्याने विचारलं, "साहेब, सहा किलोचा पेरू तुम्ही कुठं बघितलात?" खाली वजन दिलेलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं. तेव्हापासून शब्द ओळखीचा वाटला की मी आधी आजूबाजूचे आकडे बघतो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही 'एका शब्दाचे इतके अर्थ' असं म्हणालात, पण इथे शब्द एक नाहीच. एक शब्द वेगवेगळ्या भाषांत जाऊन अर्थ बदलतो, हा एक प्रकार झाला. संस्कृतातली शिक्षा हिंदीत शाळेत बसली आणि मराठीत छडी घेऊन उभी राहिली. राग हिंदीत गाण्यापुरता राहिला, मराठीत गाण्यातही आहे आणि नाकाच्या शेंड्यावरही. तिथे मूळ एकच आहे, फांद्या वेगळ्या. पेरूचं तसं नाही. फळाचा पेरू आणि देशाचा पेरू यांची मुळं निरनिराळी आहेत, पण बोलताना त्यांचा आवाज एक झाला. आणि गंमत अशी की पाकिटावरचा पक्षी त्या देशाचा नातलग निघतो, फळाचा नाही. म्हणजे तुमच्या आईंनी सांगितलेली गोष्ट खरी आहे, फक्त ती चुकीच्या पेरूबद्दल आहे.

कोणत्या शब्दाबद्दल किती ठामपणे बोलता येतं, हे पुरावा कसला आहे त्यावर अवलंबून असतं. जहाजातून उतरलेल्या शब्दांचं बरं असतं, कारण जहाज कुठे कुठे थांबलं ते ठाऊक असतं. घाटावरून चालत आलेल्या शब्दांचं तसं नसतं. पेरूच्या बाबतीत 'नाशपातीवरून आला' हे मी छातीठोकपणे सांगेन. शेवटचा 'ऊ' कुठून आला यावर मात्र दोन मतं संभवतात, आणि त्यातलं मला कोणतं पटतं ते मी सांगेन, एवढंच.

देशावरून फळाचं नाव पडलं, हे ऐकायला इतकं सरळ वाटतं की कुणी शंकाच घेत नाही. फळ अमेरिकेतलं, हे खरं. पोर्तुगीजांनी आणलं, हेही खरं. पेरू देश अमेरिकेत. मग आणखी काय हवं? हवं ते एवढंच की ज्यांनी फळ आणलं त्यांनी त्याला तसं म्हटलेलं असावं. पोर्तुगीज माणूस या फळाला 'पेरू' म्हणत नाही, कधी म्हणत नव्हता. त्याचा शब्द 'गोइयाबा'. हा स्पॅनिश 'ग्वायाबा'चा भाऊ, आणि दोघांचंही मूळ कॅरिबियन बेटांवरच्या आरावाक लोकांच्या बोलीत. इंग्रजी 'ग्वाव्हा' त्यातूनच आला.

अशा वेळी माझी पहिली सवय म्हणजे शेजाऱ्यांची दारं ठोठावणं. पोर्तुगीज जिथे जिथे राहिले तिथे या फळाला काय म्हणतात ते बघा. कोकणीत पेर. कर्नाटकाच्या किनाऱ्याकडे पेरळे. मल्याळममध्ये पेरय्क्का, म्हणजे 'पेरा'ला फळवाचक 'काय' जोडून. श्रीलंकेत सिंहलीत पेर. थेट हुगळीच्या काठी बंगालीत पेयारा. गोवा, केरळ, लंका, बंगाल असा सगळा पोर्तुगीज वखारींचा नकाशाच उभा राहतो आणि सगळीकडे तोच 'पेर', 'पेरा'. देशाच्या नावातला शेवटचा ठसठशीत 'रू' यातल्या कुणाकडेच नाही. तो असता तर पाचांपैकी एकात तरी उरला असता.

आणि पोर्तुगीजमध्ये 'पेरा' म्हणजे नाशपाती. बास, इतकं साधं आहे. खलाशी, व्यापारी, पाद्री, ज्याला नवं फळ दाखवायचं होतं त्याने घरच्या फळाचं नाव वापरलं. पेरूचा आकार आठवा. देठाकडे निमुळता, खाली फुगीर, पिवळसर हिरवी साल, खाताना दाताखाली रवाळ लागतो. नाशपातीही रवाळच लागते. अठराव्या शतकात लिनीअसने झाडांना लॅटिन नावं दिली तेव्हा पेरूच्या एका प्रकाराच्या नावात 'नाशपाती धरणारा' आणि दुसऱ्याच्या नावात 'सफरचंद धरणारा' असा शब्द घातला होता. म्हणजे हे साम्य गोव्यातल्या पोर्तुगिजांनाच दिसलं असं नाही.

हा युक्तिवाद पुरेसा वाटत नसेल तर माझ्या मते खरा साक्षीदार खाण्याच्या डब्यात आहे. गोव्यात नाताळच्या फराळात 'पेराड' असते. पेरूचा गर चाळून, साखर घालून, लाकडी डावाने घोटत घोटत इतका आटवतात की तो कढई सोडायला लागतो, मग ताटलीला तूप किंवा लोणी लावून थापतात आणि शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडतात. रंग विटकरीपासून काळपट तांबड्यापर्यंत, जशी आच लागेल तसा. इंग्रजीत तिला पेरूचं चीज म्हणतात, चीजशी काही संबंध नसताना. पोर्तुगालमध्ये 'पेरादा' म्हणजे नाशपातीचा असाच आटवलेला गोळा. तीच वडी, तोच घोटा, फक्त फळ बदललं आणि नाव तसंच राहिलं. तिकडे ब्राझीलमध्ये पेरूच्या याच पदार्थाला 'गोइयाबादा' म्हणतात, कारण तिथे फळाला मूळचं नाव मिळालं होतं. एकाच राज्यकर्त्यांच्या दोन वसाहती, एकच फळ, एकच पदार्थ आणि दोन नावं. गोव्यातल्या बाईने आपल्या पदार्थाला पेराड म्हटलं, कारण तिच्या लेखी तिच्या हातातलं फळ 'पेर' होतं.

मग मराठीत 'पेर' का नाही, 'पेरू' का? इथे दोन रस्ते आहेत. एक, मराठीने आपल्या सवयीने 'ऊ' लावला. आपल्याकडे फळांची एक अख्खी पंगत 'ऊ'कारान्त बसलेली आहे. लिंबू जुना, काजू पोर्तुगीजांच्या 'काजू'वरून, चिकू अमेरिकेतून स्पॅनिशमार्गे. या पंगतीत नवा पाहुणा आला तर तोही 'ऊ' लावून बसणार. शिवाय मराठीत 'पेर' हा शब्द आधीच होता, उसाचं पेर, बोटाचं पेर, संस्कृत पर्वावरून आलेला. बाजारात 'चार पेरं द्या' म्हटलं तर उसवाल्याने मान वर केली असती.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. पोर्तुगीजमध्ये 'पेरा'चा एक पुल्लिंगी भाऊ आहे. लिहिताना त्याच्या शेवटी 'ओ' असतो, पण पोर्तुगीज माणूस शेवटचा आघात नसलेला 'ओ' जवळजवळ 'उ' असाच म्हणतो. तोंडातून येतं ते 'पेरु', आघात पहिल्या अक्षरावर. अर्थ, सफरचंदाचा एक लांबट गोड प्रकार. शेवटचा लिखित 'ओ' आपल्या कानाला 'ऊ' ऐकू येणं नवीन नाही. 'तबाको'ची तंबाखू झाली ती फारसीच्या हातून आली तरी तिच्या शेवटी 'ऊ'च आहे. तेव्हा वसई-चौलच्या बाजारात दोन्ही शब्द कानावर पडले असतील आणि मराठी कानाने पंगतीत बसणारा उचलला असेल. दोन्ही रस्ते शेवटी नाशपाती-सफरचंदाच्या बागेतच पोचतात, देशाच्या सीमेवर नाही. म्हणून मला हा वाद झोप घालवण्याइतका महत्त्वाचा वाटत नाही.

उच्चाराचा आणखी एक धागा. पोर्तुगीजमध्ये देश आणि पक्षी या दोन्हींत आघात शेवटी पडतो, पे-रूऽ असा. फळाच्या शब्दात तो सुरुवातीला, पेऽ-रा. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही म्हणून आपल्याला दोन्ही सारखेच ऐकू येतात. तुम्ही लिस्बनच्या कसायाकडे उभ्या राहून नीट ऐकलंत तर फरक लगेच कळेल.

आता या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आनंद देणारी गोष्ट. हिंदीतला 'अमरूद'. हा फारसीतून आला, आणि फारसीत अमरूद म्हणजे काय? नाशपाती. तुर्कीत नाशपातीला आजही 'आर्मुत' म्हणतात. अझरबैजानात कमरेत बारीक असलेल्या चहाच्या काचपेल्याला 'आर्मुदू' म्हणतात, म्हणजे नाशपातीसारखा. म्हणजे बघा, पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज उतरले, त्यांनी नवं फळ बघून म्हटलं 'हे तर आपलं नाशपातीच'. उत्तरेत फारसी बोलणाऱ्या मंडळींनी तेच फळ बघून म्हटलं 'हे तर आपलं नाशपातीच'. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. मराठी आणि हिंदी माणूस 'पेरू की अमरूद' म्हणून भांडतात तेव्हा दोघंही नाशपातीच म्हणत असतात, एक पोर्तुगीजमध्ये आणि एक फारसीत.

छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाच्या काही भागांत याच फळाला 'बिही' म्हणतात. फारसीत बिही म्हणजे आणखी एक फळ, नाशपातीचंच तुरट, कडक भावंड; पोर्तुगीजमध्ये त्याला 'मार्मेलू' म्हणतात, आणि त्याच्या आटवलेल्या गोळ्याला 'मार्मेलादा'. आपल्या पावावरचा मार्मालेड तिथून निघाला. पेराड आणि मार्मालेड अशा नात्याने चुलत बहिणी आहेत. हे जरा विषयांतर झालं, पण राहवलं नाही.

एक व्यावहारिक सूचना इथेच देऊन ठेवतो, कारण जुने कागद वाचणारे लोक हा धागा वाचतील. फारसी मजकुरात काबूल-समरकंदकडच्या बागांच्या वर्णनात 'अमरूद' आला तर तिथे पेरू लिहू नका. तिकडच्या थंडीत पेरूचं झाड तग धरणार नाही. ती नाशपातीच. भाषांतरातल्या निम्म्या चुका शब्दकोश उघडून होतात, हवामान न बघितल्यामुळे.

आता तुमच्या सासऱ्यांचा जाम. ते शंभर टक्के बरोबर आहेत. विदर्भात पेरूला जाम म्हणतात. गुजरातीत जामफळ, इंदूर-रतलामकडच्या हिंदीतही जामफल, तेलुगूत जामा. हा पट्टा पोर्तुगीज किनाऱ्यापासून आत, जमिनीवरचा. इथे बाहेरचं नाव उधार न घेता घरचं जुनं नाव ताणून नव्या फळाला घातलं. संस्कृत 'जंबू', ज्यावरून जांभूळ आलं आणि जंबुद्वीपही. पेरू, जांभूळ आणि जांब ही तिन्ही झाडं एकाच कुळातली आहेत, वनस्पतिशास्त्रही हेच सांगतं. त्या अर्थाने नागपूरकरांची निवड किनाऱ्यावरच्या आमच्यापेक्षा शहाणपणाची म्हणावी लागेल. नाशपातीचा आणि पेरूचा कुळाचा काही संबंध नाही. समुद्रापार मलय आणि इंडोनेशियाच्या भाषेतही पेरू 'जांबू'च, आणि तो शब्द संस्कृतातूनच तिकडे गेलेला.

घोळ असा की मुंबई-कोकणात 'जाम' किंवा 'जांब' म्हणजे ते घंटेसारखं, पांढरं किंवा गुलाबी, मेणचट सालीचं, आत नुसतं पाणी भरलेलं फळ. मी पहिल्यांदा नागपूर स्टेशनवर उतरलो तेव्हा उन्हाची वेळ होती. फलाटावर एक बाई टोपलीवर ओलं फडकं टाकून "जाम घ्या, जाम" ओरडत होती. मला वाटलं, चला, पाणीदार काहीतरी मिळेल. अर्धा किलो मागितले. तिने फडकं बाजूला केलं आणि चक्क चार पेरू तराजूत टाकले. मी म्हटलं, "मावशी, जाम पाहिजेत." ती म्हणाली, "मग हे काय हाय?" मागच्या माणसाने मला समजावून सांगितलं, तेही हसू दाबून. तिने एक चिरून, तिखट-मीठ लावून हातात ठेवला. तो अजून आठवतो, आतून लालसर होता.

तेव्हापासून शेतीच्या पत्रकाचं काम आलं की मी विचारतो, हे कोणत्या जिल्ह्यात वाटायचं आहे? नगर-राहात्याकडे जाणार असेल तर पेरू. नागपूर-अमरावतीकडे असेल तर 'पेरू (जाम)', आणि कंसातला शब्द काढू देत नाही. एका रोपवाटिकेने काढून टाकला होता. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण दुसऱ्या वर्षी कंस परत आला. प्रमाण शब्द कोणता हा प्रश्न परीक्षेच्या पेपरात ठीक आहे. खत किती घालायचं हे सांगताना समोरच्याला कळणारा शब्द तोच बरोबर.

नेपाळात तर आणखी कमाल. तिथे 'अम्बा' म्हणजे पेरू. काठमांडूत कुणी अम्बा देतो म्हणाला तर हापूसची स्वप्नं बघू नका.

आता पक्षी. हा विषय मोठा आहे, पण तुमच्या पाकिटाचा उलगडा त्यातच आहे. हा पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो युरोपात नेला. युरोपीय लोकांनी त्याला नाव देताना एकच नियम पाळला असं दिसतं, तो म्हणजे जिथून आला नाही तिथलं नाव द्यायचं. इंग्रजांना वाटलं तुर्कस्तानाकडून येतो, कारण त्याआधी तुर्की व्यापाऱ्यांमार्फत येणाऱ्या आफ्रिकी गिनी कोंबडीला ते तेच नाव देत, म्हणून 'टर्की'. फ्रेंचांनी 'भारताची कोंबडी' म्हणता म्हणता त्याचं 'दँद' केलं. डच लोक 'काल्कून' म्हणतात, त्यात आपलं कालिकत लपलेलं आहे. आणि तुर्कस्तानातले लोक, ज्यांच्या नावाने इंग्रज त्याला ओळखतात, ते स्वतः त्याला 'हिंदी' म्हणतात. मलय भाषेत तो 'डच कोंबडी', इजिप्तमध्ये 'रूमी कोंबडा'. पोर्तुगीजांनी त्याला पेरू देशाच्या खात्यावर टाकलं. त्या काळात स्पॅनिश अमेरिकेतलं काहीही 'पेरूचं' म्हणायची पद्धत होती, तेव्हा त्यांची चूक त्यातल्या त्यात कमी. निदान खंड तरी बरोबर होता.

देशाचं नावही तिथल्या लोकांनी ठेवलेलं नाही. पनामाकडच्या 'बिरू' नावाच्या एका सरदारावरून किंवा त्याच्या मुलखावरून स्पॅनिश लोकांनी ते उचललं आणि दक्षिणेकडच्या सगळ्या प्रदेशाला चिकटवलं, असं मानलं जातं. इंका लोक स्वतःच्या राज्याला 'तवांतिनसुयू' म्हणत, चार भागांचा मुलूख या अर्थी.

या पक्ष्याचा आपल्याकडचा प्रवेश तर नोंदवलेला आहे, आणि तोही गोव्यामार्फत. 1612 साली मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याच्या बंदरातून विकत घेतलेल्या चीजवस्तू जहांगीर बादशहापुढे मांडल्या, त्यात हा पक्षी होता. जहांगीर आपल्या आठवणींत त्याचं वर्णन करतो तेव्हा वाटतं की लहान मुलगा बोलतोय. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान; माजावर आला की पिसारा फुलवून नाचतो; डोकं, मान आणि गळ्याखालची लोंबती कातडी घटकेत पोवळ्यासारखी लाल, घटकेत कापसासारखी पांढरी, घटकेत निळसर, सरड्यासारखे रंग बदलत राहतात. त्याने चित्रकार मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाला ही सरड्याची उपमा सुचली आणि आजच्या फारसीत या पक्ष्याला 'बूकलमून' म्हणतात. तोच शब्द तुर्कीत 'बुकालेमून' होतो आणि त्याचा अर्थ रंग बदलणारा सरडा. असे शब्द भेटले की त्या दिवशी माझं बाकीचं काम होत नाही.

तर पोर्तुगीजांचा हा पक्षीवाचक 'पेरू' भारतातही उतरला. आणि इथे बंगाली पुन्हा मदतीला येते. बंगालीत फळ 'पेयारा' आणि टर्की पक्षी 'पेरु'. दोन्ही शब्द एकाच जहाजातून उतरले, पण बंगालीने त्यांची सरमिसळ होऊ दिली नाही. फळाचं नाव देशावरून पडलं असं म्हणणाऱ्याला मी ही एक जोडी दाखवतो आणि गप्प बसतो. मराठीत पक्षी क्वचितच कुणाच्या अंगणात होता, म्हणून 'पेरू' या आवाजावर फळाने पूर्ण ताबा मिळवला. कालांतराने भूगोलाच्या पुस्तकात देश दिसला तेव्हा लोकांनी दोन आणि दोन पाच केले.

निव्वळ योगायोगाचेही पेरू आहेत, ते या हिशेबात धरू नका. तमिळमध्ये 'पेरु' हे मोठेपणा दाखवणारं अंग आहे, पेरुमाळमध्ये दिसतं ते. आपल्याकडे 'चला, बी पेरू' मधला पेरू आहे. मानवी तोंडात आवाज मोजकेच निघतात, त्यामुळे शब्द एकमेकांना धडकणारच.

असंही नाही की गावाचं नाव लागलेलं फळ त्या गावचंच असतं. आपल्याकडे पेरूची सगळ्यात माहितीतली जात 'लखनऊ 49', तिलाच सरदार म्हणतात. ती निवडून काढली गेली पुण्यात, गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात. दोनशे वर्षांनी कुणीतरी छातीठोकपणे सांगेल की ती लखनऊच्या नवाबाच्या बागेतली. तेव्हा माझ्यासारखा कुणीतरी वैतागेल.

तर आईंना सांगा, देशाच्या नावावरून पेरू झाला खरा, पण तो पाकिटातला. झाडावरचा पेरू हा नाशपातीचा पोर्तुगीज मुखवटा. सासऱ्यांना सांगा की त्यांचा जाम दोघांपेक्षा जुन्या घराण्यातला आहे. ते खूश होतील आणि पुढचे सहा महिने हेच ऐकवतील, त्याची तयारी ठेवा.

दुकानासाठी एवढं लक्षात असू द्या. 'पेरू', 'फ्रांगू', 'पोर्कू', 'व्हाका' हे चारही शब्द दिसले की कपाट बंद करायचं. टर्की, कोंबडी, डुक्कर, गाय. पाकिटावर पेरूच्या आधी 'पेइतु' असेल तर ती छाती. फळांच्या विभागात 'पेरा' दिसेल, ती नाशपाती. आपला पेरू हवा असेल तर 'गोइयाबा' विचारा. ब्राझिली सामान ठेवणाऱ्या दुकानात मिळायची शक्यता जास्त, आणि वास येईपर्यंत दोन दिवस घरी पिकू द्यावा लागेल. तिथेच चौकोनी डब्यात किंवा कागदात गुंडाळलेली लाल 'गोइयाबादा' मिळते. ती घ्या, पातळ काप करा, पांढऱ्या चीजच्या तुकड्यावर ठेवून खा, तिकडे तसंच खातात. ती आपल्या गोव्याची पेराडच आहे. पण शेजारच्या फळीवर 'पेरादा' लिहिलेला डबा दिसला आणि गोव्याच्या आठवणीने हात गेला, तर उघडल्यावर आत नाशपाती निघेल.